चोर खिळा

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दुकान उघडून कॉम्प्युटरचं बटण दाबलं तर तो किंचाळला. दुसरा शब्द सुचत नाही. लांब पीं, मग थांबून पुन्हा लांब पीं, आणि पडदा काळाच. माझ्या हातातली उदबत्ती खाली पडली. पहिला विचार आला की काल माझ्याच हातून काहीतरी मोडलं. काल नीट बंद केला होता ना? केला होता. तरी खात्री वाटत नाही.

बाबा खुर्चीत बसून रस्त्यावरच्या, वीज केंद्राच्या राखेच्या गाड्या ऐकत होते. डोळ्यांमुळे त्यांना आता पडद्यावरची अक्षरं लागत नाहीत, म्हणून लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवून छापण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. कान मात्र शाबूत आहेत.

"रडतंय म्हंजी जित्तं हाय," ते म्हणाले. "काय ठरलंय आपलं?"

"आधी वीज, मग आवाज, मग अक्षरं."

"वीज?"

"आहे. पंखा फिरतोय."

"आवाज तर समद्या गल्लीला गेलाय. मग रॅमची पट्टी काढ अन् खोडरबर घे."

डब्याचं झाकण काढलं तर आत राखेचा थर. आमच्या परळीत वाळत घातलेला पांढरा कपडा पांढरा राहत नाही, तर कॉम्प्युटरची काय कथा. पट्टीचे पिवळे दात खोडरबरने घासले, पट्टी परत दाबून बसवली. एकच बारीक 'टिक्' झालं आणि पडदा उजळला. मग रोजचाच इंग्रजी मजकूर: आतला सेल संपला आहे, तारीख चुकली आहे, तरीही पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा. सेल आणू आणू म्हणत राहून गेला आहे. मी रोज एफ-वन दाबते. आजही दाबलं.

आज माझ्या स्वतःच्या पत्रिकेला हात घालायचा होता. पण गिऱ्हाइकांचं काम आधी, म्हणून राहिलं. कारण हेच आहे, असं मला वाटतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लग्न कसं ठरलं ते एकदा लिहून ठेवते.

सुंदररावअण्णांच्या नव्या मंगल कार्यालयाचं उद्घाटन होतं. पत्रिका आम्हीच छापलेली. जेवणाच्या पंगतीत, चार गावच्या लोकांसमोर अण्णांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आदिनाथ, तुझी वैष्णवी आमच्या पोराला, अंगदला देऊन टाक. हाय का न्हाई बरोबर?" लोक हसले. बाबा म्हणाले, "तुमी म्हणाल तसं, अण्णा." अण्णांपुढे परळीत कुणी दुसरं काही म्हणत नाही. आमच्या दुकानाचा गाळाही त्यांचाच.

घरी आल्यावर बाबांनी मला विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं."

"तसं म्हंजी कसं?"

"म्हणजे तसंच."

ते उठून पाणी प्यायला गेले. माझं उत्तर चुकलं का, ते अजून कळलेलं नाही. चांगल्या घरातली मुलगी आणखी काय म्हणते?

आता अक्षय तृतीयेची तारीख धरली आहे. आमच्याकडे पहिली पत्रिका लिंबागणेशच्या गणपतीपुढे ठेवतात. तोवर नुसती बोलणी. एकदा ती देवापुढे गेली की मग कुणी मागे फिरत नाही. अण्णांनी ३ मार्चची चतुर्थी सांगितली आहे. ते स्वतः गाडी घेऊन येणार. पत्रिका बाहेरून छापून घ्या असंही म्हणाले होते, पण बाबा म्हणाले, "जलमभर लोकांच्या छापल्या अन् लेकीची दुसऱ्याच्या दुकानात छापू व्हय? आमच्याच मशीनवर होईल." अण्णांना ते फार आवडलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अंगदचा फोन रोज येतो. दुकानात कोण आहे विचारतात. काल म्हणाले, फोटो टाक. टाकला. फोटोच्या कडेला एका गिऱ्हाइकाचं कोपर आलं होतं. "हे कुणाचं?" मी सांगितलं, धारूरचे एक गुरुजी आहेत, मुलीच्या पत्रिकेचे नमुने बघायला आलेत. "वय किती?" तेही सांगितलं. काळजी असते माणसाला.

बाबांनी विचारलं, "कुणाचा फोन?"

"त्यांचा."

"रोज येतो?"

"रोज."

ते शेंगा सोलत होते. टरफलं चुकून दाण्यांच्या वाटीत टाकत होते, ती मी वेचून काढली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज अक्षर वाईट येतंय.

दुपारी अंगद आले. येताना पेढे आणले. दारात गाडी मागे घेताना त्यांच्या ड्रायव्हरकडून, म्हाळूभाऊंकडून, आमच्या पायरीला चाक घासलं. पायरीचा टवका उडाला, गाडीला काही झालं नाही. अंगद खाली उतरले आणि त्यांनी म्हाळूभाऊंच्या थोबाडीत मारली. म्हाळूभाऊ माझ्या बाबांच्या वयाचे आहेत. टोपी खाली पडली. त्यांनी ती उचलून झटकली आणि पुन्हा गाडीत जाऊन बसले. रोजचं असावं तसं.

मग अंगद आत आले, हसले, म्हणाले, "ह्यांना असंच समजतं." पेढ्याचा पुडा माझ्यापुढे धरला. मी एक घेतला. तोंडात ठेवला तो विरघळेचना. नाइलाजाने गिळला. तो मी का घेतला? नको म्हणता आलं असतं. ते गेल्यावर मागे जाऊन चूळ भरली.

जाताना म्हणाले, "लग्नानंतर हे दुकान-बिकान बंद. आमच्या घरच्या बायका गल्ल्यावर बसत नसतात."

बाबांना दिसलं नसेल. पण आवाज ऐकू गेला असणार.

काल लिहिलं असतं तर लिहिलं असतं की अंगद मोकळ्या स्वभावाचे आहेत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कॉम्प्युटर किंचाळला नाही. उलट गप्प. पडद्यावर एक ओळ: डिस्क सापडत नाही.

डिस्कमध्ये सगळं आहे: बाबांनी काढलेल्या वेली, कोपऱ्यातले गणपती, जुने फॉन्ट जे आता कुठे मिळत नाहीत. ती गेली तर दुकानच गेलं. झाकण काढलं. डिस्कला जाणारी चपटी पट्टी अर्धी निसटलेली होती. दाबून बसवली, सुरू झालं. एफ-वन.

पट्टी आपोआप कशी निसटेल? उंदीर असणार. मागच्या बाजूला एक भोक आहेच.

"बाबा, उंदीर झालेत."

"असतील," बाबा म्हणाले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

उंदराने आज कमाल केली. डिस्कची पट्टी जागेवरच नव्हती! अख्खं दुकान पालथं घातलं. शेवटी ती टेबलाच्या खणात सापडली, कात्रीच्या खाली. खण थोडा उघडा राहिला असावा. मी रोज बंद करते, पण माणूस आहे, विसरले असेन.

घरी आईला सांगितलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "गणपतीचं वाहन हाय ते. त्यालाच तुझी पत्रिका नको वाटत असंल."

"आई, काहीही काय!"

"मी कुठं काय म्हणलं? उंदीर म्हणतोय." आणि तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी भाकरीत तोंड घातलं.

मी बाजारातून चिकट पुठ्ठा आणून डब्यामागे लावला होता. दुपारी बघते तर तो कचऱ्याच्या बादलीत. बाबा म्हणाले, "मुक्या जिवाचा तळतळाट कशाला घ्यावा, लगीन तोंडावर आलंय."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अण्णांचा फोन आला. "आदिनाथ, कावून येळ लावायलास? समद्यांच्या छापतोस अन् घरची राहिली?" मी कानकोंडी झाले. आज बसून जुळवलीच.

चि. सौ. कां. वैष्णवी. शेजारी चि. अंगद. इतक्या मुलींची नावं मी या जागेवर बसवली, कधी हात अडला नाही. आज माझ्याच नावाची वेलांटी तीनदा चुकली. जोडी जुळवली की पडद्यावर दोन नावांच्या मध्ये मी नेहमी कमळ ठेवते. आज कमळ ठेवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. लग्न ठरलेल्या मुलींचं असं होतं म्हणतात.

बाबांना मजकूर वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकला आणि विचारलं, "एकबी चूक न्हाई?"

"एकही नाही."

"नीट बघितलंस?"

लहानपणी ते असंच विचारायचे. मी चौथीपर्यंत शाळेत गेले नाही, बाबांनीच शिकवलं. तेव्हा आमच्याकडे शिशाचे खिळे होते, एकेका खिळ्यावर एकेक उलटं अक्षर. मी आधी उलटी अक्षरं शिकले, सुलटी नंतर. बाबा चिमट्याने खिळे जुळवून एक ओळ लावायचे आणि तिच्यात मुद्दाम एक चुकीचा खिळा घालायचे. त्याला ते चोर खिळा म्हणायचे. मी तो शोधायचा. सापडला की मी लगेच उपटायला जायची आणि ते माझा हात धरायचे. "थांब की. चूक घावली की लगी दुरुस्त न्हाई करायची. आधी इचारायचं, कुणी ठेवली अन् कावून ठेवली."

आज हे कशाला आठवलं कोण जाणे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्र, वैजनाथाच्या दर्शनाला सगळा जिल्हा लोटला होता. दुकान बंद. मी आईबरोबर रांगेत होते. बाबा म्हणाले, "माझे पाय दुखतेत, मी दुकानातच पडतो."

आज पुन्हा: डिस्क सापडत नाही.

पट्टी जागेवर आहे. विजेची तार जागेवर आहे. दोन्ही काढून पुन्हा लावल्या. खोडरबर फिरवलं. डिस्कला कान लावला तर आत गरगर ऐकू येते, म्हणजे ती जिवंत आहे. फिरते आहे, पण ओळख देत नाही. दिवसभर मी एवढंच करत राहिले: बंद, चालू, बंद, चालू. दरवेळी तीच ओळ.

मीच काहीतरी केलं. पंचवीसला पत्रिका जतन केली तेव्हा नक्की काहीतरी चुकलं.

बाबा मागून म्हणाले, "राहू दे आता. जेव."

"चतुर्थी सोमवारी आहे, बाबा!"

"हाय ना. मला ठावं हाय."

१ मार्च, शनिवार

अण्णा म्हणतात, अंबाजोगाईहून मेकॅनिक पाठवतो. मी एक दिवस मागून घेतला. परक्या माणसाने डबा उघडला तर आतली राख बघून काय म्हणेल, या लाजेने मी डिस्क पुसायला म्हणून पूर्ण बाहेर काढली. ती मी आजवर कधी बाहेर काढली नव्हती. बसवली बाबांनी होती.

जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिते.

डिस्कच्या पाठीला सुयांची एक लहान रांग असते. त्यातल्या दोन सुयांवर तांदळाएवढी काळी टोपी घातलेली असते. टोपी एका जागी असली की डिस्क मालक, म्हणजे आपणहून उठते आणि कॉम्प्युटर चालू करते. शेजारच्या जागी सरकवली की ती ताबेदार होते, दुसऱ्या मालक डिस्कची वाट बघत बसते. आमच्या डब्यात दुसरी डिस्कच नाही. हे बाबांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, बिचारी, कुणाची वाट बघत बसणार ती?

टोपी ताबेदाराच्या जागी आहे.

मी ती बोटांनी काढून बघितली. निघत नाही. नखांनीही नाही. उंदराचे दात तिथे पोचत नाहीत, आणि पोचले तरी उंदीर टोपी एका जागेवरून काढून मोजून दुसऱ्या जागी बसवत नाही. त्याला बारीक चिमटा लागतो. असा चिमटा आमच्याकडे एकच आहे, खिळ्यांच्या काळातला. तो बाबांच्या खिशात असतो, आणि तो चालवायला त्यांना डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात.

मी खालीच बसले. फरशी गार होती. पट्टी खणात, कात्रीखाली. पुठ्ठा बादलीत. पाय दुखतात. आईने टाकलेली ती नजर. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. ज्या माणसाने मला अक्षर शिकवलं, त्याने माझं यंत्र मोडलं. माझ्या डोळ्यांदेखत. आणि मी उंदराला शिव्या देत होते.

टोपी तशीच ठेवली. सरळ केली नाही.

२ मार्च, रविवार

सकाळी ओसरीत विचारलं.

"बाबा, टोपी कुणी सरकवली?"

शेंगा सोलणारा हात थांबला. "उंदरानं."

"बाबा."

"चिमटा धरणारा असंल एखादा."

मला हसू आलं नाही. माझा आवाज चढला, असा मी बाबांपुढे कधी चढवला नव्हता. "कावून? कावून सरकवली?" त्यांचाच शब्द माझ्या तोंडातून आला.

त्यांनी वाटी बाजूला ठेवली. "वैशे, अण्णांनी मला इचारलं तर मी म्हणलो, तुमी म्हणाल तसं. मी तुला इचारलं तर तू म्हणलीस, तुमी म्हणाल तसं. तुझ्या आईला इचारलं तर ती म्हणली, तुमा दोघाला पटंल तसं. न्हाई म्हणणारं कुणी घरात उरलंच न्हाई. त्या दिवशी पायरीवर चपराक वाजली. ती मला हितं लागली." त्यांनी गालाला हात लावला.

"मग तुम्ही म्हणायचं ना, नाही म्हणून!"

"गेलतो की सांगाया. शिवरात्रीच्या आदी. त्यांच्या फाटकापातुर गेलतो अन् माघारी आलो. तोंडानं होईना गं. हातानं झालं तेवढं केलं." मग जरा थांबून म्हणाले, "तू लई लवकर दुरुस्त करतीस. जरा येळ लावावा माणसानं."

मी उठून मागच्या दारी गेले. रडले, पण कशासाठी ते सांगता येत नाही. बाबा भित्रे निघाले यासाठी असेल. किंवा त्यांनी माझं 'तसंच' कधीच खरं मानलं नव्हतं, यासाठी. मलाच ते खरं वाटत होतं.

मागून आई आली. पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "उंदराला मीच म्हणलं व्हतं, खणात ठेव म्हणून."

३ मार्च, सोमवार, चतुर्थी

उघडल्या उघडल्या चिमटा मागून घेतला आणि टोपी मालकाच्या जागी बसवली. बाबा म्हणाले, "कावून गं?" मी म्हटलं, मला यंत्राच्या आड लपून बोलायचं नाही.

अण्णा आणि अंगद आले. ताटात अक्षता, नारळ. म्हाळूभाऊ बाहेर गाडीपाशी. अण्णा म्हणाले, "चल पोरी, काढ पयली. गणपती वाट बघतोय."

बटण दाबलं. बारीक 'टिक्'. मग तीच इंग्रजी ओळ.

"काय म्हणतंय ते?" अण्णांनी विचारलं.

"म्हणतंय, चूक आहे. तरीही पुढे जायचं का, विचारतंय."

"मग दाब की!"

मी हात मांडीवर ठेवले. "नाही, अण्णा."

"बिघडलंय का पुन्यांदा?"

"यंत्र चांगलं आहे. मी नाही म्हणतेय. मला हे लग्न करायचं नाही."

हे वाक्य मी बोलले. इथे लिहून पुन्हा वाचलं तरी खरं वाटत नाही. अंगद हसले. "लाजतीया," म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून हात घालून त्यांनी स्वतःच एफ-वन दाबलं. पडदा उजळला, निळं आलं, आमच्या वेलींचं चित्र आलं. "झालं ना सुरू? एवढंच होतं."

मला वाटलं, संपलं. आता ते छापणार. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा भिंत चाचपत आले, वाकले आणि त्यांनी प्लग ओढून काढला. पडदा मिटला. पंखा हळूहळू थांबला. वायर त्यांच्या हातात होती.

"तिनं न्हाई म्हणलं," बाबा म्हणाले. "मीबी न्हाई म्हणतो."

अण्णांनी बाबांच्या हातातल्या वायरकडे बघितलं. बहुतेक हा शब्द त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नसावा. मग अगदी हळू विचारलं, "आदिनाथ, गाळा कुणाचा हाय?"

"तुमचा हाय, अण्णा. सांजच्याला किल्ली आणून देतो."

अंगद पुढे सरकले, पण अण्णांनी त्यांचं मनगट धरलं. बाजार भरलेला होता, लोक थबकले होते. ताटातल्या अक्षता सांडत दोघं बाहेर गेले. म्हाळूभाऊंनी गाडीचं दार उघडून धरलं. ते लावताना त्यांनी आत, माझ्याकडे बघितलं आणि टोपी नीट केली.

त्यानंतर मी बाबांना पाणी दिलं. अर्ध्याहून अधिक त्यांच्या सदऱ्यावर सांडलं.

६ मार्च, गुरुवार

कॉम्प्युटर आता घरात, धान्याच्या कोठीशेजारी. आजूबाजूच्या दोन बायका मुद्दाम बघून गेल्या: कॉम्प्युटरला नव्हे, मला. अण्णांच्या माणसांनी अजून काही केलेलं नाही. 'अजून' हा शब्द खोडावासा वाटला, पण खोडत नाही. रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की आई कडी लावते. धारूरचे गुरुजी मात्र पत्ता शोधत आले आणि मजकूर देऊन गेले. घरी छापलेली चालेल का विचारलं तर म्हणाले, "पत्रिका तीच ना? मग?"

बाबांनी बाजारातून नवा सेल आणला, तो बसवला. आता ती ओळ येणार नाही.

बटण दाबलं. लांब पीं. थांबून पुन्हा लांब पीं. पडदा काळा.

मी गर्रकन वळून बाबांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात वर केले, एका हातात शेंग होती.

"न्हाई गं माय," ते म्हणाले, "ह्यो मातर मी न्हाई केला."

खोडरबर शोधते आहे.